टेक ऑफची दोनशे चौदा कार्डं

शब्दकोशाच्या कचेरीत कार्डताईंना इंग्रजी येत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. इंग्रजी शब्दाचं कुठलंही कार्ड हवं असलं की सगळे त्यांच्याकडेच धाव घेत, हेही तितकंच खरं. लांबलचक खोलीत दोन्ही भिंतींना लागून लाकडी कपाटं, कपाटांना तीनशे साठ खण, प्रत्येक खणात आरपार एक पितळी सळई आणि त्या सळईत ओवलेली तळहाताएवढी कार्डं. कुठला शब्द कुठल्या खणात आणि खणात किती बोटं आत, हे ताईंच्या हातांना पाठ होतं. इंग्रजी अक्षरं त्या ओळखत, पण गल्लीतली माणसं ओळखावीत तशी. हा टोपीवाला, हा पोट सुटलेला, हा पाय फाकून उभा. नवीन लागलेली माणसं हे ऐकून गालात हसत. मग एखाद्या दिवशी त्यांना घाईनं कार्ड लागे, ताई बोलता बोलता उठून ते काढून देत, आणि हसणं तिथंच जिरे.

शिक्षण दहावीपर्यंत, मराठी शाळेत. नोकरीला सव्वीस वर्षं झाली होती. रोज पहिला खण उघडण्याआधी त्या मनातल्या मनात हात जोडत. कुणाला, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

कोश इंग्रजी-मराठी होता आणि तो रचला होता तात्यांनी. तात्या म्हणजे जुने संपादक. त्यांची एक पद्धत होती. कार्डावर वरच्या ओळीत इंग्रजी वाक्य आणि खाली त्याचं मराठी. पण मराठी पुस्तकातून घ्यायचं नाही, ते कुणाच्या तरी तोंडून यायला हवं. मग ते समोर दिसेल त्याला धरत. पाणी भरणारा, टपाल आणणारा, पंखा दुरुस्त करायला आलेला, कुणीही चाले.

"अहो, समजा एक माणूस बोलता बोलता न सांगता निघून गेला, तर तुम्ही काय म्हणाल?"

"सटकला म्हणेन."

"वा. बसा, चहा घ्या."

ते वाक्य कार्डावर उतरे आणि उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत, कोण बोललं आणि कुठल्या तारखेला, हे लिहिलं जाई. डाव्या कोपऱ्यात अर्थाचा आकडा. एका शब्दाला पाच अर्थ असतील तर एक ते पाच.

दुसरा नियम शाईचा. शाईनं लिहिलं ते ठरलं, शिसपेन्सिलीनं लिहिलं ती शंका. खण टंकलेखनाला जायच्या आधी ताई खोडरबर घेऊन बसत आणि पेन्सिलीचं सगळं पुसून काढत, म्हणजे टंकलेखकाचा घोटाळा होत नसे. ज्या कार्डावर आकडा नाही ते अजून लावलेलं नाही असं समजायचं आणि इंग्रजी वाक्याच्या पहिल्या अक्षराप्रमाणे क्रमानं ठेवायचं. हे नियम तात्यांनीच घातले होते, आणि ताईंनी सव्वीस वर्षांत एकदाही मोडले नव्हते. सगळा घात झाला तो म्हणूनच.

तात्यांना साखरेचा आजार. गेल्या दोन वर्षांत नजर जात जात पार गेली, आणि सहा महिन्यांपूर्वी ते घरी बसले. शेवटच्या वर्षी त्यांनी सात वर्षं चाललेला एकच खण हाती ठेवला होता, ‘टेक ऑफ’चा. दोनच शब्द, तेही बोलण्यातले, पण कार्डं दोनशे चौदा. वरच्या पुठ्ठ्यावर त्यांनी शाईनं लिहून ठेवलं होतं, ‘अर्थ सतरा’. पण तोवर त्यांना दौतीचं तोंड दिसत नव्हतं, टाक एकाच जागी दोनदा टेके, डाग पडत. म्हणून कार्डांवरचे आकडे त्यांनी पेन्सिलीनं घातले. नजर गेली हे कबूल करायचं नव्हतं, त्यामुळे त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही.

खण शनिवारी टंकलेखनाला जायचा होता. सोमवारी आणि मंगळवारी दुपारभर बसून ताईंनी दोनशे चौदा कार्डांवरची पेन्सिल पुसली. शेवटचं कार्ड फुंकर मारून झाडलं. बुधवारी बघितलं तर एकावरही आकडा नाही. मग नियमाप्रमाणे सळई काढली आणि सगळी कार्डं पहिल्या अक्षराच्या क्रमानं लावून टाकली. तात्यांचा खण म्हणून एरवीपेक्षा जास्त जीव लावून लावली.

गुरुवारी सकाळी मॅडमनी खण उघडला. मॅडम म्हणजे तात्यांच्या जागी आलेल्या संपादक. चाळिशीच्या, बोलायला मऊ, पण डोक्यावर तारखांचं ओझं.

"ताई, याच्यावरचे आकडे कुठे गेले?"

"आकडे नव्हतेच, मॅडम. पेन्सिलीची खरड होती, ती पुसली."

मॅडमनी एक कार्ड उजेडाकडे तिरपं धरलं, मग दुसरं. कशावरच आकड्याचा मागमूस दिसेना, तेव्हा हळूच टेबलावर ठेवलं. ती खरड म्हणजेच तात्यांचे आकडे होते, हे त्यांनी तोंडानं सांगायची गरज उरली नव्हती. ताई सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मॅडमच्या समोरच्या खुर्चीवर न विचारता बसल्या.

"सात वर्षांचं काम होतं तात्यांचं," ताई म्हणाल्या.

"तुमचा काय दोष, ताई. तुम्ही नियमानं केलंत."

"दोष कुणाचा ते राहू द्या. आता त्यांना दिसत नाही. ते परत लावणार कसे?"

"ते नाही लावू शकणार. मी एक करते. छापील इंग्रजी कोशात याचे आठ अर्थ दिलेत. त्या आठात ही कार्डं बसवून टाकू. दोन तासांचं काम."

"आणि बाकीचे नऊ?"

"जातील. काय करणार?"

ताईंनी पदराला हात पुसले. हात कोरडेच होते. "मला उद्या संध्याकाळपर्यंत द्या. मी लावते."

"ताई, तुम्हाला इंग्रजी..."

"येत नाही. खालची ओळ मराठीत आहे ना. ती येते."

मॅडमनी खण त्यांच्याकडे सरकवला. "लावा. पण लावून झालं की तात्यांना वाचून दाखवायचं. ते हो म्हणाले तरच मी शाईनं आकडे घालेन. नाहीतर शनिवारी माझे आठ."

वाचनाच्या खोलीतलं लांब टेबल ताईंनी पुसून घेतलं. देवाचं नाव घेतलं आणि पहिलं कार्ड उचललं. ‘पायातले बूट काढ आणि मग आत ये.’ खाली ठेवलं. दुसरं. ‘विमानानं वेळेवर उड्डाण केलं.’ वेगळं ठेवलं. तिसरं. ‘मी दोन दिवसांची रजा काढली.’ यात ‘काढणं’ आहे, तेव्हा बुटांच्या शेजारी ठेवलं. पुढचं. ‘तो साहेबांची अशी नक्कल काढतो की हसून पोट दुखतं.’ हेही ‘काढणं’. बुटांशेजारी. काम सोपं निघालं असं त्यांना वाटलं. मराठी क्रियापद बघायचं आणि गठ्ठा करायचा. पाच वाजेपर्यंत ‘काढणं’चा गठ्ठा एकाहत्तर कार्डांचा झाला. त्यात बूट होते, रजा होती, भांड्यावरचं झाकण होतं, साहेबांची नक्कल होती आणि ‘डॉक्टरांनी ते औषध काढून टाकलं’ हेही होतं. सतरा अर्थांतला एक म्हणून हा गठ्ठा खपणार नव्हता, एवढं त्यांनाही कळलं. त्यांनी टेबलावर चादर टाकली, खोलीला कुलूप लावलं आणि त्या घरी आल्या.

घरी सासूबाई. वय पंच्याऐंशी, गुडघे गेलेले, जीभ ठणठणीत. खाटेवर बसून त्या शेंगा सोलत होत्या.

"काय गं, तोंड का असं?"

ताईंनी हातपाय धुतले, शेजारी बसून शेंगा सोलायला घेतल्या आणि सगळं सांगितलं.

"दोन शब्द आणि सतरा अर्थ?" सासूबाई म्हणाल्या. "त्या लोकांना शब्द पुरत नाहीत की काय? आपल्याकडं एका गोष्टीला दहा शब्द."

"हो ना."

"तर काय. मी सांगते तुला. इथं मी दिवसभर एकटीनं दिवस काढायचा. तू रजा काढत नाहीस. तुझा नवरा दुपारी जेवायला आला तर येता येता त्यानं शेजाऱ्याची खोडी काढली, मग त्यानं ह्याची लाज काढली, मग दोघांनी मागचं काय काय उकरून काढलं. मी इथून ओरडतेय, पण माझ्या बोलण्याचा ह्यानं भलताच अर्थ काढला. आणि जाताना म्हणतो, आई, तुझी सून असती तर तिनं यातून मार्ग काढला असता. म्हणजे तुझी आठवण काढली हो, मी खोटं कशाला बोलू."

ताईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्या बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होत्या.

"काय मोजतेस?"

"तुम्ही काय काय काढलंत ते."

"मी काही काढलं नाही, मी सांगतेय फक्त."

"आई, दिवस काढला तेव्हा काय झालं? दिवस कुठून बाहेर आला?"

सासूबाईंनी सुनेकडे नीट पाहिलं. "बरं वाटत नाही का तुला?"

"सांगा ना."

"दिवस कुठून येणार बाहेर? तो आपला आपण जातो. आपण नुसतं बसून राहायचं."

"आणि खोडी?"

"खोडी आधी नव्हतीच. ह्यानं काढली तेव्हा झाली."

"आणि आठवण?"

सासूबाई शेंगा सोलायच्या थांबल्या. "आठवण असते," त्या म्हणाल्या. "आतच असते. ती काढली म्हणजे... अगं, म्हणजे ती बाहेर येते पण आतली कमी होत नाही."

जन्मभर हा शब्द या घरात बोलला गेला होता. स्वयंपाकघरातून, मोरीवरून, अंथरुणातून. दिवसातून शंभर वेळा. त्याच्या आत एवढी जागा आहे हे दोघींपैकी कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं. ताईंच्या मनात आलं, ज्यानं माणसाला जीभ दिली त्यानं तिच्यात केवढं ठेवून दिलंय, आणि माणूस तोंड उघडतो तेव्हा त्याला त्याचा पत्ताही नसतो.

"आता काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही. कार्डं कशी लावायची ते कळलं."

शुक्रवारी ताई तासभर आधी कचेरीत गेल्या. एकाहत्तर कार्डांचा गठ्ठा मोडला आणि सगळ्याच कार्डांना नव्यानं हात घातला. आता त्या क्रियापदाकडे बघतच नव्हत्या. प्रत्येक कार्डाला तीनच प्रश्न विचारत होत्या. काय हललं? कुठून हललं? कुणाच्या हातानं?

बूट हलले, पायातून, माणसाच्या हातानं. झाकण हललं, भांड्यावरून, हातानं. हे एका घरचे. रजेत काहीच हललं नाही, माणूसच कामावरून बाजूला झाला. ते वेगळं. नक्कल काढली तेव्हा साहेब जागचे हलले नाहीत, पण त्यांचं चालणं, बोलणं दुसऱ्याच्या अंगावर आलं. ते आणखी वेगळं. विमान आपल्या जोरावर वर गेलं. ‘त्याचं दुकान आधी रडतखडत चाललं होतं, मग एकदम उसळलं’ हे विमानाच्या शेजारी ठेवलं, मग उचलून जरा दूर ठेवलं, कारण दुकान जागेवरच होतं. टेबल पुरेना. कार्डं खुर्च्यांवर गेली, मग जमिनीवर गेली. ताई साडी खोचून गठ्ठ्यांच्या मधून पाय जपत फिरत होत्या. पाणी प्यायला आलेला टंकलेखक दारातच थांबला आणि पाणी न पिताच परत गेला.

अकराच्या सुमाराला एका कार्डाच्या कोपऱ्यावर त्यांची नजर अडकली. वाक्य होतं, ‘मी वळून बघेपर्यंत पसार.’ कोपऱ्यात लिहिलं होतं, ‘कार्डताई’, आणि खाली एकोणीस वर्षांपूर्वीची तारीख.

त्यांना आठवेना. मग आठवलं. लेक चार वर्षांची होती, तिला ताप होता म्हणून कचेरीत आणली होती, आणि ती खणांच्या मागे जाऊन लपली होती. तात्यांनी विचारलं होतं, ‘काय हो, कुठे गेली?’ त्या म्हणाल्या होत्या तेवढंच. चहासुद्धा मिळाला नव्हता त्या दिवशी. आणि तेवढं घेऊन तात्या गेले होते आणि एका इंग्रजी वाक्याखाली त्यांनी ते कायमचं लिहून ठेवलं होतं.

त्यानंतर त्या प्रत्येक कार्डाचा कोपरा बघायला लागल्या. ‘पाणीवाला.’ ‘पंखा दुरुस्तीवाला.’ ‘टपाल.’ ‘बसमधली बाई, अनोळखी.’ ‘शेजारची मुलगी, इयत्ता तिसरी.’ यातली किती माणसं आता या जगात नव्हती. सगळी जण या दोन परक्या शब्दांच्या आत एकमेकांना खेटून बसली होती, आणि कुणाला ठाऊक नव्हतं. ताईंनी डोळे पुसले नाहीत, कारण ओल्या हातांनी कार्डावर डाग पडला असता.

दुपारी तीनपर्यंत अठरा गठ्ठे झाले आणि एक कार्ड उरलं. ते कुठंच बसेना. त्यांनी अठराही गठ्ठ्यांवर ते ठेवून पाहिलं. शेवटी त्याला एकट्यालाच दोरा बांधला. एकोणीस पुडकी पिशवीत भरून त्या तात्यांकडे निघाल्या.

तात्यांचं घर दोन रस्ते पलीकडे. दार त्यांच्या लेकीनं उघडलं. तात्या खिडकीजवळच्या आरामखुर्चीत होते. चेहरा आवाजाकडे वळला.

"कार्डताई. चप्पल घासत चालता अजून."

"सवय गेली नाही, तात्या."

"बसा. माझा खण गेला का टंकाला?"

ताईंनी बसायच्या आधीच सांगून टाकलं. बसल्यावर धीर राहिला नसता. पेन्सिल पुसली, कार्डं अक्षराप्रमाणे लावली, आकडे गेले, मॅडमचे आठ अर्थ, सगळं एका दमात.

आतून भांड्यांचा आवाज येत होता, तोही थांबला. लेक दारात येऊन उभी राहिली.

"सगळे पुसलेत?" तात्यांनी विचारलं.

"सगळे. दोनशे चौदा."

"मी चार वेळा पुसलेत," तात्या म्हणाले. "सात वर्षांत चार वेळा. दर वेळी वाटायचं, आता बरोबर लागलं. सहा महिने गेले की परत वाटायचं, छे. पाचव्यांदा पुसायला हात धजावत नव्हता. शिवाय दिसत नव्हतं. ते काम तुम्ही केलंत." त्यांनी खुर्चीच्या हातावर बोटं वाजवली. "पेन्सिल मी वापरली. नियम माझाच. तुमच्यावर कुणी बोट ठेवलं तर माझ्याकडं पाठवा. आता वाचा, काय लावलंय ते."

ताई वाचू लागल्या. इंग्रजी ओळ वाचता येत नव्हती, म्हणून नुसती मराठी. मराठी ओळ कानावर पडली की तात्या वरची इंग्रजी आपणच म्हणत, पाठ होती त्यांना. पहिला गठ्ठा संपला. दुसरा. तिसऱ्याला तात्यांनी हात वर केला.

"दुकान विमानात का नाही घातलं? मी घातलं होतं."

"विमान जागा सोडतं. दुकान तिथंच राहतं, धंदा वर जातो."

"इंग्रज माणूस हा फरक करत नाही, ताई."

"त्याला करायची गरज नसेल. पण कोश वाचणार आहे तो मराठी माणूस. त्याला विमानाचा शब्द दुकानाला लावून कसं चालेल?"

तात्यांच्या लेकीला हसू आलं. "बाबा, हरलात."

"गप्प बस. पुढं वाचा."

दोन ठिकाणी त्यांनी ताईंचं कार्ड हलवायला लावलं, आणि ताईंना ते पटलं. एका ठिकाणी ताईंनी हलवू दिलं नाही. तात्यांचा चेहरा हळूहळू बदलत होता. सुरुवातीला तो परीक्षकाचा होता. नंतर नंतर ते नुसते ऐकत होते, मान थोडी कलती करून, तोंड किंचित उघडं ठेवून.

"ही अशी मी कधी ऐकलीच नाहीत," ते मधेच म्हणाले. "मी नेहमी वरची ओळ धरून बघत आलो. खालून कुणी बघितलंच नव्हतं."

शेवटचं पुडकं ताईंनी हातात घेतलं. "यात एकच आहे, तात्या. हे कुठं बसेना. तुम्ही कुठं ठेवलं होतंत ते मला माहीत नाही."

"वाचा."

"‘तिची नजर त्या लेकरावरून हटेना.’"

तात्यांनी या वेळी इंग्रजी म्हटलं नाही.

"बूट काढायला हात लागतो," ताई म्हणाल्या. "झाकणाला हात लागतो. नजरेला कुणाचा हात लागणार? आणि यात तर काही निघालंच नाही. निघत नव्हतं, हेच सांगायचंय. म्हणून एकटं ठेवलं."

"कोपऱ्यात काय आहे?"

ताईंनी कार्ड उजेडात धरलं. "नाव नाही. नुसतं ‘घरी’ लिहिलंय. आणि तारीख."

तारीख त्यांनी वाचली. दारात उभी असलेली लेक एकदम म्हणाली, "बाबा, ही तर माझ्या जन्माच्या वेळची तारीख."

"जन्माच्या दुसऱ्या दिवसाची असेल," तात्या म्हणाले.

"हो. दुसऱ्या दिवसाची."

"मी दवाखान्यातून तुम्हा दोघींना घेऊन आलो. तुझी आजी आली होती बघायला. ती तुझ्या आईकडं बघून बोलली हे. मी तसाच उठलो आणि कार्ड लिहिलं. तुझी आई म्हणाली, आज तरी राहू द्या ते. मी म्हटलं, विसरून जाईन."

लेक आत येऊन त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिली.

"मी ते पहिल्या अर्थात घातलं होतं," तात्या म्हणाले. "चारही वेळा. बुटांत आणि झाकणांत. वरची ओळ तेच सांगत होती ना." त्यांनी हात पुढे केला. ताईंनी कार्ड त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी अंगठा त्यावरून हळूहळू फिरवला, जणू शाई बोटाला लागेल. "म्हणजे एकोणीस."

"एकोणीस, तात्या."

"मॅडमना सांगा, मी हो म्हटलंय. पुठ्ठ्यावरचे सतरा खोडा. शाईनं खोडा."

लेकीनं दिवा लावला. तात्यांना त्याचा उपयोग नव्हता, पण ताईंना होता.

"उशीर झाला का तुम्हाला?" तात्यांनी विचारलं. "सासूबाई वाट बघत असतील."

"बघू देत थोडी."

"मग एकदा परत वाचा. पहिल्यापासून."

ताईंनी पहिल्या पुडक्याचा दोरा सोडला.